पानिपतचा घाव आणि महादजी शिंदे

थोर सेनापतींची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांनी जिंकलेल्या लढायांकडे जाते. त्या लढाया त्यांनी कोणत्या शरीराने जिंकल्या, हे पाहण्याचे आपल्या मनात येत नाही. महादजी शिंदे ह्यांचे नाव आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील शेवटची तेहतीस वर्षे, म्हणजे ज्या वर्षांमुळे ते इतिहासात अमर झाले ती सर्वच्या सर्व वर्षे, त्यांनी एका पायाने अधू होऊन काढली, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा विचार ह्याच बाजूने करावयाचा आहे.

महादजींचा जन्म सुमारे १७३० साली झाला. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव. वडील राणोजी शिंदे हे बाजीराव पेशव्यांच्या पदरी उदयास आलेले सरदार होते. राणोजींच्या पुत्रांत महादजी धाकटे, आणि त्यांची आई चिमाबाई हिचे स्थान घरात दुय्यम मानले जाई. तेव्हा सरदारी आपल्याकडे येईल अशी आशा धरण्यास त्यांना लहानपणी काहीच कारण नव्हते.

ता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणावर मराठ्यांचा मोड झाला. महादजी घोडीवर बसून दक्षिणेच्या वाटेस लागले. एक अफगाण स्वार त्यांच्या पाठीस लागला व कित्येक कोस त्याने पाठलाग सोडला नाही. अखेर घोडी थकली, स्वाराने त्यांना गाठले, गुडघ्यावर शस्त्राचा जबर घाव घातला आणि अंगावरील चीजवस्तू लुटून त्यांना तेथेच टाकून तो निघून गेला. त्या वाटेने राणेखान नावाचा एक भिस्ती येत होता. त्याने ह्या जखमी पुरुषास उचलून आपल्या पखालीच्या बैलावर घातले व सुरक्षित ठिकाणी पोहोचविले.

पवित्र शास्त्रातील दयाळू शोमरोन्याची कथा आपण वर्गात अनेकदा ऐकतो. येथे ती हिंदुस्थानच्या भूमीवर घडलेली दिसते. राणेखान धर्माने मुसलमान, धंद्याने पाणक्या; पडलेला मनुष्य कोण व कोणत्या पक्षाचा ह्याची त्याने चौकशी केली नाही. महादजींनीही हा उपकार जन्मभर स्मरला. राणेखानास ते भाऊ म्हणत, आणि पुढे त्यास त्यांनी आपल्या सैन्यात मोठ्या अधिकारास चढविले. दुसऱ्याच्या आधाराने उठावे लागले ह्याची लाज न धरता तो आधार देणाऱ्यास आपलेसे करणे, हा त्यांच्या नव्या आयुष्यातील पहिला धडा होता.

जीव वाचला, पण पाय पूर्ववत झाला नाही. त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याची सोय नव्हती; ईथरचा तसा उपयोग १८४६ साली सर्वांसमोर सिद्ध झाला. जखम निर्जंतुक राखण्याची लिस्टर ह्यांची पद्धती १८६७ साली प्रसिद्ध झाली. अशा स्थितीत गुडघ्याचा खोल घाव सोसून मनुष्य जगला हेच पुष्कळ. शिवाय घरावर कोसळलेला डोंगर निराळाच. वडील बंधू जयाप्पा १७५५ साली नागोरजवळ मारले गेले होते. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. पुतण्या जनकोजी पानिपतावर शत्रूच्या हाती सापडून प्राणास मुकला. मागे राहिले ते हे लंगडे महादजी. सरदारी त्यांस द्यावी की नाही ह्याविषयी पुण्यास वर्षानुवर्षे घोळ चालला, आणि त्यांच्या हक्कास मान्यता मिळण्यास १७६८ साल उजाडले.

ही सात वर्षे विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. घाव ताजा, घर उद्ध्वस्त, अधिकार अनिश्चित, अशा वेळी मनुष्य एक तर खचतो किंवा उतावळेपणाने काहीतरी करून बसतो. महादजींनी दोन्ही टाळले. ते घोड्यावर बसत राहिले, स्वाऱ्यांत भाग घेत राहिले आणि वाट पाहत राहिले. पायी चालणे अवघड झाले तरी खोगिरावरील मांड त्यांनी मोडू दिली नाही. पानिपतानंतर बरोबर दहा वर्षांनी, १७७१ च्या फेब्रुवारीत, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम मराठ्यांच्या पाठिंब्याने राजधानीत परतला. ह्या दोन्ही कार्यांत महादजी अग्रभागी होते. ज्या उत्तरेतून रक्तबंबाळ होऊन निघावे लागले, त्याच उत्तरेत ते पुन्हा उभे राहिले.

आपण उपनगरवासी ज्या भूमीवर राहतो तिचाही त्यांच्याशी संबंध आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सर्व गावे जुन्या साष्टी बेटातील. हे बेट मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांपासून घेतले होते. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला व साष्टी बळकाविली. पुढे मुंबईहून पुण्यावर निघालेल्या इंग्रज फौजेस जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे शरण यावे लागले, त्यात महादजींचा मोठा वाटा होता. तथापि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. शेवटी ता. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, आणि तो पाळला जाईल ह्याची हमी महादजींनी घेतली. त्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

ह्या युद्धात कवायती पायदळाचे बळ त्यांनी पाहिले होते. म्हणून १७८४ साली सॅव्हॉय प्रांतातील डी बॉईन नावाच्या अधिकाऱ्यास त्यांनी चाकरीस ठेवले व पलटणी उभारविल्या. ज्यास स्वतःस धड चालता येत नव्हते, त्याने हिंदुस्थानातील एक उत्कृष्ट पायदळ निर्माण केले!

तरीही मार्ग सुकर झाला नाही. १७८७ साली लालसोट येथे जयपूरकरांशी लढताना त्यांचेच हिंदुस्थानी शिपाई शत्रूस मिळाले व माघार घ्यावी लागली. साठीकडे झुकलेल्या, अधू पुरुषाने तेव्हा हार मानली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी माघार शिस्तीने घेतली व बळ पुन्हा जमविले. १७८८ साली गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडविण्यास गेलेल्या मराठी फौजेचे नेतृत्व राणेखानाकडे होते. बैलावरून वाहून आणलेल्या जखमी माणसाने त्या भिस्त्यास सेनापती केले होते! १७९० साली पाटण व मेडता येथील विजयांनी लालसोटची भरपाई झाली.

असे असले तरी घाव केवळ पायास झाला नव्हता. तो अफगाण स्वार आपल्या बोजड घोडीवरून पाठीमागे येत आहे असे स्वप्न महादजींस पुढे कितीतरी वर्षे पडे, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. दिवसा दरबार हालविणारा हा पुरुष रात्री पुन्हा पानिपतच्या वाटेवर पळत असे. मनाच्या ह्या जखमेवर त्यांनी भक्तीचा आधार शोधला. ते स्वतः भक्तिपर पदे रचीत, आणि बीडचे सूफी साधू मन्सूरशहा ह्यांजवर त्यांची श्रद्धा होती. १७९२ साली ते पुण्यास आले, आणि ता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे देहावसान झाले. तेथे त्यांची छत्री आजही आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणाचा खेळताना गुडघा दुखावतो, कोणाचा हात अपघातात जायबंदी होतो. आगगाडीच्या स्थानकावरील पुलाच्या पायऱ्या त्यास डोंगरासारख्या वाटू लागतात. दुखणे महिन्याचे वर्षाचे होते आणि मन हळूहळू म्हणू लागते की आता सर्व संपले. अशा वेळी ह्या चरित्रातील क्रम आठवावा. शरीराचा जो भाग चालतो त्यास कामास लावावे. मदत मागण्यास लाजू नये. जे आपल्या पायाने होणार नाही ते बुद्धीने व सहकाऱ्यांच्या साह्याने साधावे. रात्री भीती वाटली तर ती दुबळेपणाची खूण समजू नये. ती विश्वासाच्या माणसास सांगावी.

पालकांसही एक विनंती आहे. जखमी मुलास मायेपोटी कोपऱ्यात बसवून ठेवण्याची चूक होते. गरजेपेक्षा अधिक विश्रांतीने स्नायू झिजतात व सांधे आखडतात, हे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडा व्यायाम, वेळेवर अन्न व झोप, आणि हाती काहीतरी जबाबदारीचे काम, एवढे त्या मुलास अवश्य द्यावे. पौल प्रेषिताच्या शरीरातील काटा वारंवार प्रार्थना करूनही काढला गेला नाही, तरी त्याचे कार्य थांबले नाही. महादजींचा पायही शेवटपर्यंत अधूच राहिला. बरे होण्याची वाट पाहत ते बसून राहिले असते, तर कण्हेरखेडच्या त्या धाकट्या मुलाचे नाव आज आपणांस ठाऊकही नसते.