एंगेलबर्ट हुंपरडिंक : बालकांचा संगीतकार

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे प्राथमिक वर्गांतील मुलांनीं ह्या वर्षीं कोणतें संगीत नाटक करावें, हा प्रश्न शाळेशाळेंतून निघतो. कोणी म्हणतो, भपकेदार नाटक घ्यावें, म्हणजे पाहुणे खूष होतील. कोणी म्हणतो, सोपें घ्यावें, म्हणजे मुलांना पेलेल. ज्यांच्या चरित्रांतच ह्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें असे एक संगीतकार एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत होऊन गेले. 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' ह्या जगप्रसिद्ध संगीत नाटकाचे कर्ते एंगेलबर्ट हुंपरडिंक हेच ते होत.

त्यांचा जन्म ता. १ सप्टेंबर १८५४ रोजीं ऱ्हाइन नदीच्या प्रदेशांतील झीगबुर्ग ह्या लहानशा गांवीं झाला. वडील शिक्षक होते. मुलास लहानपणापासून संगीताचा नाद. परंतु त्यानें वास्तुविद्या शिकावी अशी घरच्यांची इच्छा होती. कोलोनच्या संगीत विद्यालयाचे प्रमुख फेर्डिनांड हिलर ह्यांनीं मुलाचे गुण ओळखले, आणि १८७२ सालीं तो त्या विद्यालयांत दाखल झाला. पुढें शिष्यवृत्ति मिळवून तो म्युनिक येथें शिकला व १८७९ सालीं मेंडेल्सोनच्या नांवाचें पारितोषिक पटकावून इटलीस गेला.

तेथें नेपल्स शहरीं १८८० सालीं त्यांची व सुप्रसिद्ध संगीत-नाटककार रिचर्ड वाग्नर ह्यांची गांठ पडली. वाग्नर ह्यांनीं ह्या तरुणाला बायरॉइट येथील आपल्या नाट्यगृहीं साहाय्यक म्हणून बोलाविलें. १८८२ सालीं 'पार्सिफाल' ह्या नाटकाच्या वेळीं रंगभूमीवरील देखावा बदलण्यास संगीतापेक्षां अधिक वेळ लागूं लागला. ती उणीव भरून काढणारा एक छोटासा तुकडा हुंपरडिंक ह्यांनीं रचला व गुरूंनीं तो मान्यहि केला. केवढा हा बहुमान! परंतु मोठ्या वृक्षाच्या छायेंत रोपटें वाढत नाहीं, असा अनुभव त्यांना लवकरच आला. १८८३ सालीं वाग्नर निवर्तले. पुढें सात वर्षें हुंपरडिंक ह्यांनीं बार्सिलोना, कोलोन अशा ठिकाणीं शिकविण्याचें काम केलें; परंतु स्वतःचें असें मोठें काम कांहीं हातून होईना.

१८९० सालीं त्यांची बहीण आडेलहाइड वेट्टे हिनें भावाकडे एक लहानसें काम धाडलें. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहांतील हॅन्सेल व ग्रेटेल ह्या भावंडांची गोष्ट तिच्या मुली घरांतल्या घरांत नाटकरूपानें करणार होत्या. त्यासाठीं तिनें पद्यें रचलीं होतीं, त्यांना भावानें चाली लावाव्या अशी तिची विनंति होती. भावानें चार गाणीं करून दिलीं. गाणीं सर्वांना इतकीं आवडलीं कीं, त्यांत भर पडत गेली; आणि त्याच वर्षींच्या नाताळांत सोळा गाण्यांचें नाटक तयार करून हुंपरडिंक ह्यांनीं तें आपल्या वाग्दत्त वधूस भेट म्हणून दिलें. 'पार्सिफाल'ला वाग्नर ह्यांनीं जें भारदस्त विशेषण लाविलें होतें, त्याच थाटाचें एक नांव घरच्यांनीं थट्टेनें ह्या बालनाटकास ठेविलें. पण ही थट्टाच पुढें खरी ठरली. जें गुरूच्या छायेंत सांपडलें नव्हतें, तें भाच्यांच्या खेळांत सांपडलें!

येथें आडेलहाइडबाईंच्या विवेकाचें कौतुक केलेंच पाहिजे. मूळ गोष्टींत दुष्काळामुळें आईबाप मुलांना जाणूनबुजून अरण्यांत सोडून येतात. असा प्रसंग आपल्याच मुलींच्या तोंडीं घालणें त्या मातेस रुचलें नाहीं. तिच्या नाटकांत केरसुण्या करणाऱ्या एका गरिबाच्या घरीं दुधाचें भांडें फुटतें. आई रागाच्या भरांत मुलांना रानांत स्ट्रॉबेरी वेंचावयास पाठविते, आणि मागाहून बापासह घाबऱ्या घाबऱ्या त्यांना शोधावयास निघते. रानांत रात्र पडते. मुलें प्रार्थना करून निजतात व चौदा देवदूत त्यांच्याभोंवतीं पहारा करितात. तथापि तिनें भूक, अंधार, मुलांना खाणारी चेटकीण ह्यांतील कांहीं वगळलें नाहीं. चेटकीण भट्टींत जाते ती जातेच. मुलांपासून भय लपवावें असें नाहीं. भयाच्या जोडीला आधारहि दाखवावा, इतकेंच तिनें केलें.

हुंपरडिंक ह्यांनीं ह्या नाटकाचें पुढें संपूर्ण संगीत नाटक बनविलें. ता. २३ डिसेंबर १८९३ रोजीं वायमार येथें तरुण रिचर्ड स्ट्राउस ह्यांच्या नेतृत्वाखालीं त्याचा पहिला प्रयोग झाला. थोड्याच काळांत तें जर्मनीभर पसरलें. पुढील वर्षाच्या डिसेंबरांत लंडनलाहि पोहोंचलें. त्यांतील कांहीं चाली खरोखरच लोकगीतांच्या आहेत. बाकीच्या हुंपरडिंक ह्यांच्या स्वतःच्या असूनहि लोकगीतांसारख्या वाटतात. नवल असें कीं, ह्या नाटकांत नाताळचा उल्लेख नाहीं. त्यांतील ऋतूहि स्ट्रॉबेरी पिकण्याचा, म्हणजे हिंवाळ्याचा नव्हे. तरीहि आज कित्येक देशांत तें नाताळचेंच नाटक समजलें जातें. सणाचा आनंद नाटकाच्या नांवांत नसून त्याच्या आशयांत असतो, हें भिन्न भिन्न धर्मांचीं मुलें एकत्र शिकतात अशा शाळांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मात्र तें मोठें नाटक लहान मुलांच्या गळ्याला झेपणारें नाहीं. त्यांतील वाद्यवृंद प्रचंड. हॅन्सेल व ग्रेटेल ह्यांच्या भूमिकाहि मोठ्या गायिकाच करितात. ही गोष्ट हुंपरडिंक विसरले नाहींत. कीर्ति मिळाल्यावरहि १८९५ सालीं त्यांनीं बहिणीच्या साहाय्यानें सात करडांच्या गोष्टीवर घरीं करण्याजोगें एक छोटें नाटक रचलें. मोठ्यांसाठीं मोठें व छोट्यांसाठीं छोटें, असा भेद त्यांनीं राखिला. परंतु छोटें काम त्यांनीं कमी प्रतीचें मानलें नाहीं.

१९०० सालीं ते बर्लिन येथें प्राध्यापक झाले. १९१० सालीं न्यूयॉर्क येथें त्यांच्या 'राजाचीं मुलें' ह्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यांत रंगभूमीवर खरींखुरीं हंसक पक्ष्यें आणलीं होतीं. १९१२ सालीं पक्षाघातानें त्यांचा डावा हात निकामी झाला. १९१६ सालीं पत्नीहि निवर्तली. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. सप्टेंबर १९२१ मध्यें मुलानें बसविलेलें नाटक पाहण्यासाठीं ते नॉयश्ट्रेलिट्झ येथें गेले असतां आजारी पडले व ता. २७ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रांनो, जगभर गाजलेलें हें नाटक एका घरांतील मुलींच्या चार गाण्यांतून जन्मास आलें. आणि पालकहो, नाताळांत आपलीं मुलें रंगभूमीवर उभीं राहतील, तेव्हां नाटक किती मोठें होतें हें विचारूं नये. गाणें त्यांच्या गळ्यांत बसलें कीं नाहीं, आणि घरीं जातांना तें त्यांच्या ओठांवर राहिलें कीं नाहीं, एवढेंच पाहावें. निवड बरोबर झाली कीं चुकली, हें त्यावरूनच कळेल.