चष्मे, कवळ्या आणि एक राजीनामा

मागच्या सेमला मी मेस सेक्रेटरी होतो. ऑगस्टचा खर्च अंदाजाच्या बाहेर गेला, जादा वर्गणी मागायची वेळ आली आणि जी.बी.मध्ये सगळं हॉस्टेल माझ्यावर तुटून पडलं. चोरी वगैरे काही नव्हती हो. नवा आचारी बरा निघाला, त्यामुळे मेसचे पैसे भरून टपरीवर वडापाव खाणारी पोरं परत ताटावर यायला लागली, एवढंच. पण उभं राहून हे सांगताना माझी बोबडी वळली. त्याच आठवड्यात लायब्ररीत ब्रिटनच्या आरोग्यसेवेवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि त्यात अनायरिन बेव्हन भेटला. म्हटलं, चला, आपल्यासारखाच अडकलेला कुणीतरी आहे!

बेव्हनचा जन्म १८९७ चा. गाव ट्रेडेगर, दक्षिण वेल्समधलं कोळसा खाणींचं. बाप खाणीत, पोरगाही तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत. त्यात तोतरा. अडणारा शब्द टाळायला दुसरा शब्द शोधायचा, म्हणून कामगारांच्या वाचनालयात पुस्तकं उपसत बसायचा. पुढे हाच माणूस पार्लमेंटात चर्चिलशी भिडला. (व्हायवाला त-त-प-प करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) १९२५ साली कोळशाच्या धुळीने बाप गेला. तो आजार खाणीमुळे होतो असं तेव्हा कायदा मानत नव्हता, त्यामुळे भरपाई शून्य.

ट्रेडेगरमध्ये एक चांगली गोष्ट होती. कामगारांच्या पगारातून थोडे थोडे पैसे कापून चालवलेली वैद्यकीय मदत सोसायटी. त्यातून घरच्या सगळ्यांना डॉक्टर आणि इस्पितळ मिळायचं. तरुण बेव्हन तिथल्या इस्पितळाच्या कमिटीवर होता. हिशोब देणं म्हणजे काय हे तो तिथेच शिकला असावा, असं मला वाटतं.

१९२९ ला खासदार, १९४५ ला ॲटलीच्या सरकारात आरोग्यमंत्री. डॉक्टरांच्या संघटनेने प्रचंड विरोध केला, तो सगळा इतिहास इथे सांगत बसत नाही. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तपासणी, औषध, ऑपरेशन, चष्मा, कवळी, सगळं फुकट. पैसा बहुतेक करांतून, म्हणजे मालक पार्लमेंट. बेव्हनची कल्पना अशी, की ट्रेडेगरच्या इस्पितळात भांडं पडलं तरी त्याचा आवाज थेट पार्लमेंटात घुमला पाहिजे. मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचं आणि खात्याच्या सचिवाने लोकलेखा समितीपुढे पैशाचा हिशोब द्यायचा. ही समिती १८६१ पासूनची, आणि तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. आपल्या जी.बी.पेक्षा कडक प्रकरण!

आणि पहिल्याच वर्षी अंदाज कोसळला. सिव्हिलवाल्यांना एस्टिमेटिंगच्या पेपरात कंटिन्जन्सी धरायला शिकवतात, तीन ते पाच टक्के. इथे त्याने काय होणार? मुळात क्वांटिटीच कुणी मोजल्या नव्हत्या. आधी लोक काय खर्च करत होते त्यावरून आकडा धरलेला. पण ज्यांना परवडत नव्हतं ते खर्चच करत नव्हते! दुकानात मांडलेले स्वस्त चष्मे एकेक करून नाकावर ठेवायचे आणि त्यातल्या त्यात बरं दिसेल तो घ्यायचा, अशी पद्धत. पहिल्या वर्षभरात सुमारे पन्नास लाख चष्मे दिले गेले. ही मंडळी आधीही आंधळेपणाने चाचपडतच होती, फक्त कुठल्या वहीत त्यांची नोंद नव्हती.

१९४९ मध्ये बेव्हनला पुरवणी मागणी घेऊन सभागृहात उभं राहावं लागलं. विरोधकांनी उधळपट्टी म्हणून झोडपलं, अर्थखातं तर आधीच चिडलेलं. त्याच वर्षी औषधाच्या चिठ्ठीवर शिलिंग आकारायच्या तरतुदीला त्याने मान्यता दिली होती, हे त्याचे भक्त सहसा सांगत नाहीत. मग १९५१ चं बजेट आलं. कोरियाचं युद्ध चालू, तीन वर्षांत शस्त्रांवर ४७० कोटी पौंड खर्चायचे ठरलेले. अर्थमंत्री गेट्सकेलने कवळ्या आणि चष्म्यांची निम्मी किंमत लोकांकडून घ्यायचं ठरवलं. त्यातून त्या वर्षी मिळणार होते सव्वा कोटीच्या आसपास पौंड. बेव्हन तोवर कामगार खात्यात गेला होता. एप्रिलमध्ये त्याने राजीनामा फेकला.

चिडखोरपणा होता का? थोडा होताच. गेट्सकेलशी त्याचं पटत नव्हतं, पक्षात उभी फूट पडली आणि ऑक्टोबरात निवडणूकही हरले. माझ्या रूममेटच्या मते एवढ्याशा पैशासाठी हे मूर्खपणाचं. मला तसं वाटत नाही, पण भांडण अजून मिटलेलं नाही.

गंमत पुढे आहे. १९५३ साली हुजूर पक्षाच्या सरकारने या खर्चाची चौकशी करायला केंब्रिजचा अर्थतज्ज्ञ गिलबो याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कपात सुचवतील अशी आशा. १९५६ च्या जानेवारीत अहवाल आला. राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना केली तर खर्च १९४९-५० मध्ये पावणेचार टक्के होता, तो १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर उतरलेला! मोठी उधळपट्टी काही सापडली नाही. उलट इस्पितळांच्या बांधकामावर फार कमी खर्च होतोय असं निघालं. इतकी वर्षं सगळे नुसत्या पौंडांच्या आकड्यावर भांडत होते, भागाकार कुणी केलाच नव्हता.

बेव्हन पुन्हा कधी मंत्री झाला नाही. १९५९ मध्ये पक्षाचा उपनेता झाला आणि जुलै १९६० मध्ये पोटाच्या कॅन्सरने गेला, वय ६२.

पुस्तक परत करायच्या आधी मी ऑगस्टच्या खर्चाला ताटांच्या संख्येने भागून पाहिलं. ताटामागे जुलैपेक्षा पस्तीस पैसे कमी! रजिस्टर मेसच्या दाराशी सुतळीने टांगलंय, ज्याला बघायचंय त्याने बघावं. कांद्याचा हिशोब मात्र अजून जुळत नाहीये.