कोडी सोडविणारे गाडगे महाराज

आमच्या वाचकांपैकी बहुतेक विद्यार्थ्यांनी नऊ टिंबांचे कोडे केव्हा ना केव्हा पाहिले असेल. तीन-तीन टिंबांच्या तीन ओळी मांडावयाच्या आणि पेन्सिल न उचलता चारच सरळ रेघांनी ती सर्व टिंबे जोडावयाची. मुलगा रेघा मारतो, पुसतो, पुन्हा मारतो, आणि शेवटी पाटी बाजूस ठेवून देतो. टिंबांमुळे जो चौकोन भासतो त्याच्या बाहेर रेघ नेऊ नये, असे त्याला कोणीही सांगितलेले नसते. ते बंधन त्याने आपल्या आपणच घालून घेतलेले असते. रेघ बाहेर गेली की कोडे सुटते, आणि मग हे आपल्याला आधी कसे सुचले नाही म्हणून तो स्वतःवरच रागावतो.

अशा बाजूने जाणाऱ्या विचारास १९६७ साली एडवर्ड डी बोनो या माल्टा बेटात जन्मलेल्या विद्वानाने इंग्रजीत एक निराळे नाव दिले, आणि तेव्हापासून त्यावर पुस्तके निघाली, वर्गही चालू झाले. परंतु आम्हांस या संबंधात एका वऱ्हाडी माणसाची आठवण होते. त्यांचा देह डी बोनोच्या पुस्तकापूर्वी ११ वर्षे पडला होता. पाटीपेन्सिल त्यांच्या हाती कधी आलीच नव्हती. आणि त्यांच्यापुढची कोडी कागदावरची नव्हती. कर्ज, दारू, शिवाशीव आणि घाण ही ती कोडी. त्यांत पिढ्यान् पिढ्या माणसे मरत होती.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूपायी अकाली वारले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी आल्या. तेथे मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला, पुढे औत हाकू लागला. पोहण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता असे सांगतात. शाळेचा मात्र त्याच्या आयुष्याशी काही संबंध आला नाही.

मामा चंद्रभानजी कष्टाळू व सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनी सावकाराकडून कर्ज काढले आणि कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठे उमटवीत गेले. शेती गेली, त्या धक्क्याने मामाही गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा तरुण डेबूजींनी त्यांस अंगबळाने अडविले. ही हकीकत चरित्रकार मोठ्या चवीने सांगतात, आणि मुलांसही ती आवडेल. आम्हांस मात्र त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. मनगटाच्या जोराने एका शेतापुरता निकाल लागेल. पण वऱ्हाडात अशी शेते हजारोंनी होती, अंगठे लाखोंनी होते. प्रत्येक बांधावर उभे राहण्यास डेबूजी कोठून आणावे? कोड्याची दुसरी बाजू त्यांस त्या वेळी दिसली असावी. सावकार जबर आहे ही गोष्ट खरी. पण शेतकऱ्यास वाचता येत नाही, आणि बारसे, लग्न, दिवस यांपायी तो आपल्या पायांनी सावकाराच्या ओसरीवर जातो, हीही तितकीच खरी.

त्यांच्या उत्तराची पहिली चुणूक घरातच दिसली. मुलीच्या बारशास भाऊबंद जमले. मटण आणि दारू यांवाचून असा समारंभ त्यांच्यात होतच नसे, आणि त्याकरिता कर्ज काढणे ही रीतच होती. डेबूजींनी त्या दिवशी दारूच्या दुष्परिणामांवर प्रवचन केले नाही. त्यांनी पानात गोडाचे जेवण वाढले. मंडळी नाराज झाली, कुरकुरली, पण अखेर जेवून गेली; आणि दारूवाचून बारसे पार पडू शकते ही गोष्ट सर्वांच्या देखत सिद्ध झाली. नाही म्हणण्यास कोणाला जागाच उरली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी घर सोडले. त्या वेळी त्यांचे वय २८ होते. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि डोक्यावर मडक्याचे खापर. ते खापर हेच ताट, तेच पाण्याचे भांडे, उन्हात तीच टोपी. त्यावरून लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. येथे एक गोष्ट लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. मागे राहिलेल्या कुंताबाईंच्या वाट्याला जे आले ते त्यांनी मागितलेले नव्हते. पुढे बाबांच्या हातून लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांत आपल्या माणसांनी सुखाने राहावे हे त्यांनी कधी होऊ दिले नाही. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा बायकांना एकदोन ओळी मिळतात; आम्हीही अधिक देऊ शकत नाही, एवढे खेदाने नमूद करितो.

आता त्यांचे मोठे कोडे पाहा. ज्याला पैसा नाही, अक्षर नाही, पदवी नाही, आणि ज्याची जात ऐकताच पुष्कळांनी ओसरीवर बसू दिले नसते, अशा माणसाचे गावाने ऐकावे कसे? सरळ वाट म्हणजे पाटलाकडे जाणे, ओळख काढणे, सभा भरविणे. बाबांनी यांपैकी काही केले नाही. ते खराटा घेऊन गावात शिरत आणि रस्ता झाडू लागत. झाडणाऱ्यास कोण अडविणार? त्याची जात विचारण्याचेही कोणाला कारण पडत नसे. दुपारपर्यंत गटारे मोकळी होत, उकिरडे हलत. कोणी भाकर देऊ लागल्यास ते आधी काम मागत, लाकडे फोडून देत, मग खात. तोपर्यंत हा वेडा कोण याची चर्चा घरोघर सुरू झालेली असे. चार पोरे हौसेने मदतीस येत, त्यांच्यामागून मोठी माणसे ओशाळून येत. संध्याकाळी कीर्तन आहे म्हणताच सारा गाव जमे. म्हणजे सभेची दवंडी खराट्याने आधीच पिटलेली असे. कीर्तन संपल्यावर लोक पाया पडण्यास धावत, तर बाबा निसटलेले असत. पायांस हात लावू देणे त्यांस मुळीच खपत नसे.

कीर्तन म्हटले की पूर्वरंग आणि उत्तररंग आले, कीर्तनकार बोलणार व श्रोते माना डोलविणार हे आले. बाबांच्या कीर्तनात श्रोत्यांस बोलावे लागे. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत, आणि हजारो माणसे एका आवाजात उत्तर देत. प्रश्न अगदी साधे असत. देवाला आंघोळ कोण घालते, त्याला धोतर कोण नेसविते, नैवेद्यावर कुत्रे आले तर ते कोण हाकलते? उत्तरे लोकच देत, आणि देता देता आपण कोठे येऊन पोहोचलो हे उमगून हसू लागत. ज्याला आपण कुत्र्यापासून राखतो त्याच्यापुढे बकरे कापून आपले रक्षण मागावे काय, हा शेवटचा प्रश्न त्यांनी विचारण्यापूर्वीच तो श्रोत्यांच्या मनात उभा राहिलेला असे. ग्रीस देशात सॉक्रेटिसाने हीच पद्धत चालविली होती असे आमचे वरच्या वर्गातील विद्यार्थी सांगतील. फरक इतकाच की सॉक्रेटिसापुढे दोनचार बुद्धिमान तरुण असत, आणि बाबांपुढे जत्रा असे. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट माणूस विसरतो किंवा तिच्याशी भांडतो. स्वतःच्या तोंडून निघालेल्या उत्तराशी भांडणे अवघड जाते. शिक्षणाविषयी त्यांचे सांगणेही असेच व्यवहाराचे होते. ताट विकावे लागले तर हातावर भाकर घ्यावी, बायकोला हलके लुगडे घ्यावे, पण पोराला शाळेवाचून ठेवू नये, अशा अर्थाचे ते नेहमी बोलत. मामांचे अंगठे ते विसरले नव्हते.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरते. नावाचा अर्थच ऋणातून सुटका. तेथे स्नान केले की ऋण फिटते या श्रद्धेने लोक येत, आणि कित्येक जण यात्रेच्या खर्चासाठीच नवे ऋण काढून येत. बाबांनी श्रद्धेवर हल्ला चढविला नाही. उतारावरच्या चिखलात म्हातारीकोतारी घसरून पडतात हे त्यांनी पाहिले, आणि लोकवर्गणीतून तेथे घाट बांधविला. नदीवर येऊन गेलेल्या माणसास एवढे तरी कळले की वर्गणीचा पैसा देवापुढे न ठेवता पायरीत घातला तर त्यावर पाय ठेवता येतो. ते काम आजही पाहावयास मिळते.

परगावच्या कामांत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा. आजाऱ्यास औषध हवे, डॉक्टर हवा, खाट हवी, हे सर्वांस दिसत होते. पण खेड्यातून त्याच्याबरोबर आलेली आई किंवा बायको रात्री कोठे निजते, कोठे शिजविते, हा प्रश्न कोणाच्या चौकोनात नव्हता. ती पदपथावर पडे, आणि पैसे संपले की रोग्याला अर्ध्या उपचारावर घरी नेई. बाबांनी तिच्याकरिता जागा उभी केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापुरास गोरक्षण निघाले. १९५२ साली या संस्थांसाठी मिशन स्थापन झाले. कऱ्हाडला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली काढलेल्या महाविद्यालयास बाबांचेच नाव आहे.

पंढरपूरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे, व तिच्याविषयी आमचे मन पुरते एका बाजूस जात नाही. वारीस आलेल्या अस्पृश्यांस तेथे डोके टेकण्यास जागा मिळत नसे. दुसऱ्यांच्या धर्मशाळांची दारे ठोठावीत न बसता बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पावसात भिजणाऱ्यास छप्पर मिळाले, हे उत्तर तात्काळ व खरे होते. परंतु विठोबाच्या देवळाचे दार त्यामुळे उघडले नाही. त्याकरिता साने गुरुजींना मे १९४७ मध्ये त्याच पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले, म्हणजे सरळ दारापुढेच बसावे लागले. काही कुलपांना बाजूची वाट नसते. बाबा स्वतः पंढरीस जात, पण त्यांचे पाय देवळाकडे न वळता वाळवंटातील घाणीकडे वळत, आणि खराटा तेथे चाले.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांचा मुलगा गोविंदा वारल्याची वार्ता आली. कीर्तन थांबले नाही. यावर अधिक लिहिण्याचे आम्हांस धैर्य होत नाही.

शेवटच्या वर्षी त्यांची प्रकृती ढासळली होती, तरी फिरणे सुटले नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले, त्या बातमीने ते फार खचले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांनी देह ठेवला. अमरावतीस ज्या भागात त्यांची समाधी आहे त्यास आता गाडगेनगर म्हणतात. १९८३ साली निघालेल्या अमरावती विद्यापीठास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले, आणि आमच्या शाळेतून बाहेर पडणारे कित्येक विद्यार्थी त्या नावाचे प्रमाणपत्र घरी आणतात. परतवाड्याच्या रस्त्याने जाताना पेढीचा तो पूल लागतो. मोटार तो क्षणात ओलांडते. पालकांनी एखादे वेळी तेथे गाडी थांबवून मुलांना खाली उतरू द्यावे.