साने गुरुजींची माउली

वारकरी मायबापहो, विठुरायाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली ज्यांनी प्राण पणाला लावले, त्या साने गुरुजींची आठवण आज आम्ही त्यांच्या आईपासून काढणार आहोत.

कोकणात पालगड गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी हे लेकरू जन्मले. नाव पांडुरंग. घराणे खोतांचे, पण कर्जापायी सारे वैभव गेले. आई यशोदाबाई. घरात पैशाची वाण होती. पोरांकडे लक्ष देण्यात मात्र या माउलीने कधी वाण पडू दिली नाही. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये असा पोराने हट्ट धरला, तर तिने लुगडे पसरून दिले, आणि मनालाही असेच जप म्हणून सांगितले. पोहायला भिऊन पोर लपले, तर शिंपटीने झोडून विहिरीवर धाडले. मग वळ बघून तिचाच जीव कळवळला. मारणे आम्हांस पटत नाही, बरं का. पण मारून ती मोकळी झाली नाही, लेकराला जवळ घेऊन बसली.

एकदा अस्पृश्य मानलेली एक म्हातारी मोळी पडून रस्त्यात अडली होती. आईने पोराला मोळी उचलून द्यायला पाठवले. घरी आल्यावर अंघोळ कर, असेही बजावले. रूढी तिने पुरती मोडली नाही, पण म्हातारीला तसेच राहूही दिले नाही. पोराने हे मनात धरले.

१९१७ साली आई गेली. अखेरीला लेक जवळ नव्हता, ती रुखरुख जन्मभर राहिली. पुढे १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिकवताना गुरुजी वसतिगृहातल्या पोरांची आईच झाले. खोली घाण दिसली की रागे न भरता स्वतः झाडायचे. पोरे ओशाळून आपणच झाडू लागत. लग्न केले नाही, पण लेकरे किती! १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

मग पंढरपूर. मंदिरप्रवेशाला आपल्यातलेच काही माळकरी विरोध करीत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. १ मे १९४७ पासून गुरुजी तिथे उपाशी बसले. हरिजनांना मंदिर खुले करायचे ठरले, तेव्हाच त्यांनी उपास सोडला.