विश्लेषण : शब्दांच्या चाचणीतून बुद्धी मोजता येते? कार्ल ब्रिगहॅम यांनी आपलाच निष्कर्ष मागे का घेतला?

बँक असो वा आयटी कंपनी, नोकरीच्या चाचणीत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, शब्दांच्या जोड्यांतील संबंध आणि विस्कटलेल्या वाक्यांची जुळणी हे प्रश्न ठरलेलेच. शतकापूर्वी अमेरिकी सैन्यात याच प्रकारचे प्रश्न लाखोंना विचारले गेले. त्या गुणांवरून मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी एक घातक निष्कर्ष काढला आणि सात वर्षांनी तो स्वतःच खोडला.

लष्कराला चाचणी कशासाठी?

ब्रिगहॅम यांचा जन्म १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मार्लबरो येथे झाला. १९१६ मध्ये त्यांनी प्रिन्स्टनमधून पीएच.डी. मिळवली. पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली. नव्या भरतीतून अधिकारी कोण, साध्या कामाला कोण, हे झटपट ठरवायचे होते. रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली ‘आर्मी अल्फा’ ही आठ भागांची लेखी चाचणी तयार झाली; निरक्षरांसाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी ‘बीटा’ ही चित्रांची. दोन्ही मिळून सुमारे १७ लाख जणांची परीक्षा झाली. युद्धानंतर अशा चाचण्या कारखाने आणि कार्यालयांनीही भरतीसाठी उचलल्या.

चूक नेमकी कुठे झाली?

अल्फातील एका प्रश्नात क्रिस्टी मॅथ्यूसन कोण, असे विचारून लेखक, चित्रकार, बेसबॉलपटू, विनोदवीर असे पर्याय दिले होते. नेपल्सहून नुकत्याच आलेल्या मजुराने बेसबॉल पाहायचा कधी? तरी हे बुद्धीचे माप मानले गेले.

१९२३ मध्ये ब्रिगहॅम यांचे ‘अ स्टडी ऑफ अमेरिकन इंटेलिजन्स’ प्रसिद्ध झाले. आकडे बोलके होते. स्थलांतरित जितकी जास्त वर्षे अमेरिकेत, तितके त्याचे गुण जास्त. वीस वर्षे राहिलेले जवळपास तिथे जन्मलेल्यांच्या बरोबरीचे. भाषा आणि सवय वाढली की गुण वाढतात, हा सरळ अर्थ समोर होता. ब्रिगहॅम यांनी मात्र उलटे वाचले : आधी आलेले उत्तर युरोपीय वंशाचे म्हणून हुशार, नंतर आलेले दक्षिण आणि पूर्व युरोपातील म्हणून मंद. १९२४ मध्ये स्थलांतरितांचा कोटा कठोर करणारा कायदा झाला. त्यामागचे राजकारण जुनेच होते, पण समर्थकांना विज्ञानाचा मुलामा आयता मिळाला.

माघार कशी घेतली?

दरम्यान, महाविद्यालय प्रवेशासाठीची ‘सॅट’ ही चाचणीही ब्रिगहॅम यांच्याच देखरेखीखाली आकाराला आली. जून १९२६ मध्ये ८,०४० विद्यार्थ्यांनी ती दिली. मात्र उत्तरपत्रिका जवळून तपासताना त्यांचा जुना विश्वास ढासळत गेला. १९३० मध्ये एका शोधनिबंधात त्यांनी मान्य केले, की वेगवेगळ्या क्षमता मोजणाऱ्या भागांची बेरीज करून बुद्धीचा एक आकडा काढता येत नाही. आणि घरात दुसरी भाषा बोलणाऱ्यांची तुलना इंग्रजी चाचणीने करता येत नाही. स्वतःच्या पुस्तकाला त्यांनी निराधार ठरवले. प्रतिष्ठा पणाला लावून असे लिहिणारे संशोधक तेव्हाही थोडेच होते. कामाला इंग्रजी लागत असेल तर इंग्रजी तपासणे रास्तच. मराठी माध्यमातील उमेदवाराचे कमी गुण मात्र त्याच्या बुद्धीचा पुरावा ठरत नाहीत, हे त्या निबंधातूनच निघते.

चाचण्या तयार करणारी आणि त्यांचा प्रसार करणारी संस्था एकच असू नये, असे त्यांचे मत होते. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी प्रिन्स्टनमध्येच ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही तशी संस्था स्थापन झाली.