आधी विद्या, मग कॅमेरा

मित्रांनो, हॉस्टेलवर नवीन बॅच आली की चार-दोन जणांना तरी फोटोग्राफीचा किडा चावतोच. कामतघरच्या वऱ्हाळा तलावावर सूर्यास्ताचे फोटो काढून झाले की रूमवर चर्चा रंगते. कॅनन घ्यावा की निकॉन? किट लेन्सवर भागेल की 50 एमएम हवीच? आणि पैशाचं काय? 1912 साली हाच पेच एका मराठी माणसापुढे होता. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब.

30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. (हेच कलाभवन पुढे बडोदा विद्यापीठाचे इंजिनिअरिंग कॉलेज झाले, म्हणजे एका अर्थी ते आपले सीनियरच!) तिथे त्यांनी फोटोग्राफी आत्मसात केली. गोध्र्याला स्टुडिओ थाटला, पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, मग छपाईचा व्यवसाय. प्रकाश, केमिकल आणि यंत्र या तिन्हींवर हात बसलेला होता, पण सिनेमाचा कॅमेरा अजून लांबच होता.

1911 साली गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात चक्र फिरू लागलं. मग रोज सिनेमा पाहायचा, रात्री जागून प्रयोग करायचे. ताण इतका पडला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. दुसरा असता तर तिथेच थांबला असता. दादासाहेबांनी मात्र विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसा उभा केला आणि 1 फेब्रुवारी 1912 रोजी लंडनची बोट पकडली.

आता खरी गंमत बघा. लंडनला पोचल्यावर त्यांनी दुकानातला सर्वांत चकचकीत कॅमेरा उचलला नाही. आधी 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना गाठलं, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत जाऊन काम कसं चालतं ते पाहिलं आणि मग सुमारे 50 पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. जोडीला कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र मागवलं. नवशिक्याची चूक इथेच होते. सगळं बजेट कॅमेऱ्यात जातं आणि ट्रायपॉड, कार्ड, बॅटरीला पैसे उरत नाहीत. दादासाहेबांनी पूर्ण सिस्टीमचा विचार केला.

1 एप्रिलला ते परतले. पैसे लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक फ्रेम टिपून रोप वाढतानाची छोटी फिल्म केली. आजच्या भाषेत टाइम-लॅप्स. ती पाहून कर्ज मिळालं.

झूम लेन्स नव्हती. फ्रेम बदलायची तर तिवई उचलून पुढेमागे करायची. शूटिंग उन्हात. फिल्मला भोकं पाडायचं काम अंधारात, आणि ते करायच्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. जरा हिशेब मांडा: एका फुटात 16 फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं. सुमारे 3,700 फुटांच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी ही संख्या पावणेपाच लाखांच्या घरात जाते! तो चित्रपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला आणि भारतीय कथापटाची सुरुवात झाली.

16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला दादासाहेब गेले. आयुष्यभर पैशाची ओढाताण काही सुटली नाही, कलेचा नाद मात्र अस्सल होता.

तेव्हा दोस्तांनो, नवी लेन्स घेण्याआधी हातात आहे त्याच कॅमेऱ्याने, एकाच फोकल लेंग्थवर, महिनाभर एखादी कुंडी टिपून बघा. त्यानंतरही लेन्स कमी पडतेय असं वाटलं, तर मग खुशाल घरी फोन लावा!