फादर जॉन मर्फी : बंडातील धर्मगुरू

आयर्लंडमध्ये काही शेतांना ‘क्रॉपीची कबर’ असे नाव आहे. १७९८ च्या बंडातील शेतकरी केस बारीक कापत, म्हणून त्यांना ‘क्रॉपी’ म्हणत. त्यांच्या एका सेनानीची ही जीवनकथा.

फादर जॉन मर्फी यांचा जन्म १७५३ च्या सुमारास वेक्सफर्ड परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. कॅथलिकांविरुद्धच्या जाचक कायद्यांमुळे त्या काळी आयर्लंडमध्ये सेमिनरी नव्हती. म्हणून त्यांनी स्पेनमधील सेव्हिल येथे शिक्षण घेतले. १७८५ साली मायदेशी परतल्यावर ते बूलावोग येथे सहायक धर्मगुरू झाले.

फादर मर्फी मुळात बंडखोर नव्हते. बिशप कॉलफील्ड यांचा बंडास विरोध होता. फादरांनीही लोकांना शस्त्रे सरकारजमा करून राजनिष्ठेची शपथ घेण्यास सांगितले होते. तरीही झडत्या, मारहाण व जाळपोळ थांबली नाही. २६ मे १७९८ रोजी चकमक उडाली आणि सरकारी स्वयंसैनिकांनी बूलावोगचे चॅपेल जाळले. आता फादर आपल्या कळपाच्या अग्रभागी उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी आउलार्ट टेकडीवर भालाईत शेतकऱ्यांनी शंभरहून अधिक सैनिक मारले. पुढे एनिसकॉर्थी शहरही जिंकले.

या बंडाला काळी बाजूही आहे. ५ जून रोजी स्कलाबोग येथे बंडखोरांनी शंभराहून अधिक कैद्यांना ठार केले. त्यांतील बहुतेक प्रॉटेस्टंट होते. अनेकांना, स्त्रिया व मुलांसह, कोठारात जाळण्यात आले. फादर मर्फी तेथे नव्हते. पण अन्यायाविरुद्ध उगारलेला हातही निरपराधांच्या रक्ताने माखतो, हे सत्य झाकता येत नाही.

२१ जून रोजी व्हिनेगर हिल येथे बंडखोरांचा पराभव झाला. २ जुलै रोजी टलो गावच्या बाजारचौकात फादरांना फाशी देण्यात आली. त्यांचा शिरच्छेद करून देह डांबराच्या पिंपात जाळण्यात आला.

फादरांचा पुतळा एनिसकॉर्थीत उभा आहे. शेतात पुरलेल्या क्रॉपींची मात्र नावेही उरली नाहीत. शिदोरी म्हणून त्यांनी खिशात सातूचे दाणे ठेवले होते आणि पुढच्या वसंतात ते कबरींवर उगवले, असे लोककथा सांगते. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या अशा आठवणी आयरिश लोकसाहित्य आयोगासाठी वह्यांत उतरवल्या.

आज्ञापालन श्रेष्ठ की लोकांची हाक? फादर मर्फींनी आपले उत्तर प्राण देऊन दिले. त्यांचे स्मरण करताना शेतात विसावलेल्या अनामिकांसाठी आणि स्कलाबोगच्या मृतांसाठीही आपण प्रार्थना करू या.